डोळा कुठे, भान कुठे

वाघोटन खाडीच्या तोंडातून होडी आत घेताना माझे मामा नेमके कुठे बघत असत, हे मला लहानपणी कधीच कळलं नाही. मे महिना संपत आलेला असायचा. वारा नैर्ऋत्येचा झालेला, मुखावर लाटा फुटायला लागलेल्या, उजव्या हाताला विजयदुर्गाचा तट. बाकीचे खलाशी पुढच्या फेसाकडे डोळे लावून बसलेले आणि तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, असलेले मामा सुकाणूचा दांडा काखेत धरून उभे. त्यांची नजर क्षणभर फेसावर, क्षणभर तटावर, मध्येच मागून येणाऱ्या लाटेवर आणि बराच वेळ कशावरच नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, तू खंय बघतस?" मामा म्हणाले, "बघूचा काय? पाण्याचो आवाज आयक." मी कान दिला. मला सगळा आवाज एकच वाटला. त्यांना त्यात खोल पाणी कुठे आणि रेती कुठे हे कळत होतं. त्यांनी इंजिन ढिलं केलं, एक लाट पुढे जाऊ दिली आणि तिच्या पाठोपाठ होडी आत घातली.

त्या दिवशी मामांसमोर नजर मोजणारं यंत्र बसवलं असतं, तर अहवालात काय आलं असतं? धोक्याच्या जागेवर डोळा थोडाच वेळ, बाकीचा वेळ इकडेतिकडे. तांडेलाचं लक्ष नाही.

हे आत्ता आठवायला कारण आहे. मी रत्नागिरीत पंचवीसेक वर्षं तंत्रशिक्षणात घालवली. माझा एक जुना विद्यार्थी उत्तरेकडच्या एका मोठ्या बंदरात क्रेन चालवतो. पूर्वी तो उंच केबिनमध्ये बसून, पायाखालच्या काचेतून खाली बघत कंटेनर उचलायचा. आता तो यार्डापासून लांब, वातानुकूलित खोलीत बसतो. समोर पडदे, हाताखाली जॉयस्टिक. मुख्य पडद्याच्या खाली एक काळी पट्टी आहे, तिच्यात कॅमेरा आणि डोळ्याला न दिसणारे अवरक्त दिवे. ती बसवताना सांगितलं होतं की कुणाला डुलकी लागली तर इशारा मिळावा म्हणून ही सोय आहे. पावसाच्या तोंडावर एका संध्याकाळी त्याच्या क्रेनवरचा कंटेनर शेजारच्या थराला घासला. कुणाला लागलं नाही, पत्रा चेपला. तीन दिवसांनी त्याला मेमो मिळाला. घासण्याआधीच्या काही सेकंदांत चालकाची नजर मुख्य पडद्यावर नव्हती, सबब निष्काळजीपणा, असं त्यात लिहिलं होतं. त्याने मला फोन केला. "सर, मी झोपलो नव्हतो. मी बघतच होतो. पण कुठे बघत होतो आणि का, ते कुणी विचारलंच नाही."

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दूरवरून यंत्र चालवणाऱ्या माणसाची नजर मोजावी. त्यातून शिकण्यासारखं खूप आहे आणि ते न शिकणं हा करंटेपणा ठरेल. पण नजरेची नोंद म्हणजे भानाचा पुरावा असं कुणी समजू नये, आणि त्या नोंदीवरून माणसाला दोषी तर मुळीच धरू नये. हा दंडक आधी पडायला हवा तो अवकाशातले यंत्रहात चालवणाऱ्या नियंत्रणकक्षांत. भारत आता त्या कामाच्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि तिथे जे रूढ होईल तेच उद्या बंदरात, रेल्वेत आणि कारखान्यांत खाली झिरपणार आहे.

अवकाशातलं हे काम कसं चालतं ते पाहू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००१ पासून कॅनडाने बनवलेला यंत्रहात आहे, कॅनडार्म-२. लांबी १७.६ मीटर, सात सांधे. दोन्ही टोकांना पकड असल्यामुळे तो सुरवंटासारखा टोकं बदलत स्थानकाच्या अंगावरून चालतो. अंतराळवीर तो चालवतात तेव्हा त्यांच्यासमोर कॅमेऱ्यांची चित्रं दाखवणारे तीन पडदे असतात आणि दोन हातांना दोन दांडे: एक सरकवायला, एक फिरवायला. स्थानकाच्या घुमटाकार खिडकीतून थोडंफार बाहेरही दिसतं. पण त्या हाताची पुष्कळशी कामं आता जमिनीवरून, ह्यूस्टनमधून आणि कॅनडातल्या सेंट-ह्यूबर्टमधून होतात. तिथे खिडकी नाही. यंत्रहात कशाला टेकला तर आवाज येत नाही, खुर्ची हादरत नाही, हाताला धक्का कळत नाही. चंद्रावरचं यंत्र असेल तर संदेश जाऊन परत यायलाच अडीच सेकंदांहून जास्त वेळ जातो. म्हणजे पडद्यावर दिसतं ते होऊन गेलेलं असतं, आणि दांडा हलवावा तो पुढे काय होणार याच्या अंदाजावर.

मामांकडे कान होते, पायाखालची फळी होती, दांड्याला बसणारा पाण्याचा दाब होता. दूरवरच्या चालकाचं हे सगळं काढून घेतलेलं असतं आणि हातात उरतात फक्त डोळे. म्हणून तिथे नजर मोजण्याला जे मोल आहे ते होडीवर कधीच नव्हतं. चालकाला जे काही कळणार ते डोळ्यांच्याच वाटेने कळणार, तर त्या वाटेवर पहारा ठेवण्यात शहाणपण आहे.

पण त्या पहाऱ्याला काय दिसत नाही, ते २५ जून १९९७ रोजी रशियाच्या मीर या अवकाश स्थानकावर जे घडलं त्यातून कळतं. वसिली त्सिबलियेव हे मीरचे कमांडर. प्रोग्रेस हे सुमारे सात टनांचं मालवाहू यान त्यांनी स्थानकातूनच, दुरून चालवत परत आणून जोडायचं होतं. प्रोग्रेसवरच्या कॅमेऱ्याचं चित्र त्यांच्यासमोरच्या पडद्यावर येत होतं. अंतर सांगणारी रडार-यंत्रणा त्या दिवशी बंद ठेवलेली होती. पडद्यावरच्या जाळीत स्थानक किती चौकटी व्यापतं, यावरून अंतराचा आणि वेगाचा अदमास घ्यायचा होता. आणि प्रोग्रेस वरून येत असल्यामुळे स्थानकामागे पृथ्वी होती, ढगांनी भरलेली. पांढऱ्या ढगांवर स्थानकाची आकृती उठूनच दिसेना. दुसरे दोघे, अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकल फोल, खिडक्यांतून यान शोधत होते, तेही सापडेना. सापडलं तेव्हा फार जवळ आलं होतं. प्रोग्रेस स्पेक्टर या भागावर आदळलं, भिंतीला भोक पडलं, हवा सुटायला लागली. दारातून गेलेल्या केबली तोडून, तो भाग झाकण लावून बंद करून तिघे वाचले.

सुरुवातीला बोट गेलं ते कमांडरकडेच. आता कल्पना करा की त्सिबलियेव यांच्या पडद्याखाली ती काळी पट्टी असती. नोंदीत काय उतरलं असतं? डोळे पडद्यावर. शेवटपर्यंत पडद्यावर. हवं होतं तिथेच, हवं होतं तितकं. यंत्राच्या हिशेबाने हा माणूस पूर्ण सावध होता. सावध तो होताच, पण सावध माणसाला जे दिसायला हवं ते पडद्यात नव्हतं. प्रत्यक्ष यंत्रावरचा सराव करून त्याला महिने लोटले होते, आणि अंतर सांगणारा आकडा कुणीतरी आधीच काढून घेतला होता. डोळ्याची नोंद यातलं काहीही सांगत नाही. आणि तीच नोंद माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत उलट बाजूने वापरली गेली. डोळा पडद्यावर होता म्हणून मीरवरचा माणूस सुटला नसता, आणि डोळा पडद्यावर नव्हता म्हणून बंदरातला माणूस अडकला. दोन्हीकडे मोजमाप एकच आणि दोन्हीकडे खरी गोष्ट त्या मोजमापाच्या बाहेर.

हे यंत्र चालतं कसं, तेही थोडं समजून घ्यायला हवं, कारण आकडा पडद्यावर आला की आपण त्याच्यापुढे फार लवकर मान तुकवतो. अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकतात. बुबुळावर त्याचा एक बारीक चमकता ठिपका उमटतो. कॅमेरा तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांच्यातलं अंतर सेकंदाला साठ ते हजार वेळा मोजतो आणि नजर कुठे पडली ते काढतो. त्यासाठी आधी माणसाला पडद्यावरच्या ठरावीक बिंदूंकडे बघायला लावून यंत्र जुळवून घ्यावं लागतं. चांगल्या यंत्रातही अर्धा ते एक अंशाची चूक राहते. दोन फुटांवरच्या पडद्यावर एक अंश म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. शेजारी-शेजारी दोन आकडे असतील तर माणूस कुठला वाचत होता हे छातीठोकपणे सांगणं कठीण. चष्म्याने, पापणी जड झाल्याने, खुर्चीत सरकून बसल्याने ही चूक वाढते. शिवाय आपल्याला स्पष्ट दिसतं ते फार थोड्या भागातलं. हात लांब करून अंगठा उभा धरला तर नखाएवढा भाग, बस. बाकीचं दृश्य डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत गोळा करतो. डोळ्याच्या कडेने कळलेली हालचाल या नोंदीत येतच नाही.

आणि भान म्हणजे तरी काय? या विषयात सगळ्यात जास्त आधार घेतला जातो तो मिका एंड्सली या अमेरिकी अभियंत्या बाईंच्या मांडणीचा. त्यांनी भानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आजूबाजूला काय आहे ते टिपणं, त्याचा अर्थ लागणं आणि पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज बांधणं. नजरेचं यंत्र पहिल्या पायरीच्या दाराशी थांबतं. डोळा त्या वस्तूवर गेला, एवढंच ते सांगतं. वस्तू टिपली गेली का, हेही ते ठामपणे सांगू शकत नाही. एंड्सली यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. सराव चालू असताना मध्येच सगळे पडदे कोरे करायचे आणि चालकाला विचारायचं: आता यंत्र कुठे आहे, वेग किती, पुढे काय होणार? उत्तर बरोबर आलं तर भान आहे. या पद्धतीत अडचण अशी की खऱ्या कामाच्या वेळी पडदे कोरे करता येत नाहीत. यंत्रहात स्थानकाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर असताना कोण प्रश्नपत्रिका काढणार? म्हणूनच संशोधक नजरेकडे वळले. ती न थांबवता, न विचारता, काम चालू असताना मोजता येते. ही सोय खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. मी एवढंच म्हणतो की सोयीचं आहे म्हणून ते उत्तर होत नाही.

डोळा गेला आणि तरी दिसलं नाही, याचा एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठं. वीस जणांना ते दिसलं नाही. नजरेची नोंद काढली तर त्या वीसपैकी बारा जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. हे नवशिके नव्हते. आयुष्य त्याच कामात घालवलेले डॉक्टर होते. गाठ शोधणाऱ्या मनाला गोरिला नको होता, म्हणून तो डोळ्यादेखत निसटला.

आमच्या विजयदुर्गाशी याचा जुना धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात ते चौथरे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेले आहेत, आणि दरवर्षी त्या दिवशी तिथे हेलियमची आठवण काढली जाते. त्या ग्रहणात भारतात आणि भारताबाहेर दुर्बिणी लावून बसलेल्या अनेक शास्त्रज्ञांना सूर्याच्या कडेचा प्रकाश रंगांत फोडून बघताना एक झळझळीत पिवळी रेघ दिसली. अशा रेघांवरून मूलद्रव्य ओळखतात. बहुतेकांनी ती सोडियमची समजली आणि पुढे गेले. सोडियमची रेघ तिथेच आसपास असते, ती ओळखीची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून ती पुन्हा बघितली, जागा नीट मोजली आणि ती सोडियमच्या जागेवर बसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे ती हेलियमची ठरली. ऑगस्टमध्ये ज्यांचे डोळे त्या रेघेवर होते त्यांच्या नजरेची नोंद काढली असती, तर ती लॉकयर यांच्या नोंदीसारखीच निघाली असती. फरक डोळ्यामागे होता.

मग नजर मोजून मिळतं काय? खूप मिळतं, फक्त ते दुसऱ्याच कुणाबद्दल असतं. १९५० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वैमानिकांच्या चेहऱ्यांचं चित्रीकरण केलं. ढगांतून, फक्त उपकरणांच्या आधारे विमान उतरवताना त्यांचे डोळे कुठल्या तबकडीवर किती वेळा आणि किती काळ जातात, ते एकेक चौकट बघून मोजलं. त्यांनी काढलेला निष्कर्ष मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. डोळा एखाद्या उपकरणाकडे किती वेळा जातो, यावरून ते उपकरण किती महत्त्वाचं ते कळतं. प्रत्येक वेळी तिथे किती काळ थांबतो, यावरून ते वाचायला किती अवघड आहे ते कळतं. नजर लांबली तर आधी तबकडी तपासा. विमानात वैमानिकासमोर उपकरणं कशी मांडावीत याचा विचार अशा अभ्यासांतून पुढे गेला. त्या नोंदींनी तबकड्यांची झडती घेतली, वैमानिकांची नाही, आणि म्हणूनच त्यांचा उपयोग झाला.

आता आपल्याकडे बघू. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरला आणि प्रज्ञान ही सव्वीस किलोची गाडी खाली आली. चारच दिवसांनी तिच्यासमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. चित्र बंगळुरूला आलं, माणसांनी ते बघितलं आणि गाडी मागे फिरवली. ३० डिसेंबर २०२४ ला स्पेडेक्स या इस्रोच्या यानजोडणी प्रयोगाची दोन यानं अवकाशात गेली आणि १६ जानेवारी २०२५ ला ती एकमेकांना जोडली गेली. त्याच रॉकेटच्या कक्षेत राहिलेल्या शेवटच्या टप्प्यावर तिरुवनंतपुरमच्या इस्रो इनर्शियल सिस्टिम्स युनिटने बनवलेला, टोकं बदलत चालणारा सात सांध्यांचा यंत्रहात होता. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं अवकाश स्थानक उभं करायचं ठरलं आहे. तेव्हा असा हात तासन् तास चालवणारी माणसं लागतील. आज बारावीत असलेली कोकणातली एखादी मुलगी त्या खुर्चीत बसलेली असेल, यात मला नवल वाटणार नाही. तिच्या पडद्याखाली काळी पट्टी असणार हेही नक्की. त्या पट्टीतून निघणारी नोंद कुणाची, कुणी बघायची, कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही, हे तिने खुर्चीत बसण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

कारण आपला कायदा तिला फारसं वाचवणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायला मालकाला वाट ठेवलेली आहे, आणि अधिक नाजूक माहितीचा वेगळा वर्गही त्यात नाही. हजेरीची वेळ आणि बाहुलीचं आकुंचन-प्रसरण एकाच मापाने तोलायचं. बाहुली मनावरच्या ताणाने मोठी होते हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे नजरेच्या नोंदीत थकवा असतो, अपुरी झोप असते, कधी आजारपणाची चाहूलही असते. हे सगळं वरिष्ठांच्या टेबलावर जाणार असेल तर त्याला डुलकीचा इशारा म्हणत नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कोट्यवधींचं यान, आत माणसं, बंदरात खाली मजूर. मग चालकाच्या डोळ्याची नोंद ठेवली आणि चूक झाल्यावर ती बघितली, तर बिघडलं कुठे? प्रामाणिक माणसाने भ्यायचं कशाला?

नोंद ठेवा, चूक झाल्यावर बघासुद्धा. विमानात ब्लॅक बॉक्स असतोच. पण विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की चौकशीचा हेतू एकच, पुढचा अपघात टाळणं. दोष किंवा जबाबदारी वाटून देणं हा तिचा हेतू नाही. आपल्या विमान अपघात चौकशी नियमांतही हेच आहे. म्हणूनच कॉकपिटमधलं बोलणं गोपनीय राखलं जातं. हा वैमानिकांवर केलेला उपकार नव्हे. घाबरलेला माणूस माहिती देत नाही आणि माहितीशिवाय पुढचा अपघात टळत नाही, हे त्या क्षेत्राला जीव गमावून कळलं आहे.

भीतीने दुसरंही एक होतं, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. मोजमापाला खूश ठेवण्यासाठी माणूस काम बदलतो. आपल्या रेल्वे इंजिनात चालक जागा आहे की नाही हे बघणारी यंत्रणा जुनी आहे. मिनिटभर त्याने कशालाच हात लावला नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरीही काही नाही तर ब्रेक लागतो. चांगली आहे, पण सवयीने बटण दाबणारा हात अर्धवट झोपेतही चालतो. २०२३ मध्ये ईशान्य सीमा रेल्वे लोको पायलटच्या पापण्यांची उघडझाप ओळखणारं यंत्र तयार करत असल्याच्या बातम्या आल्या. उद्या ते कोकण रेल्वेच्या इंजिनातही येईल. पावसाळ्यात दरडींच्या मार्गावर रात्री गाडी नेणाऱ्या माणसाला डुलकी लागली तर त्याला जागं करणारं काहीही असो, मला हवंच आहे. फक्त त्या इंजिनात आधीपासून असलेली एक साधी गोष्ट विसरू नये. सिग्नल दिसला की लोको पायलट आणि सहायक तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. एकाच्या मनात काय उतरलं ते दुसऱ्याला ऐकू येतं. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. अवकाश स्थानकावरही यंत्रहात चालवायला सहसा दोघं बसतात, एक चालवतो, दुसरा अंतरं वाचून दाखवतो आणि कॅमेरे बघतो. तोंडाने बोललेलं भान नजरेच्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं, आणि त्यासाठी डोळ्यात अवरक्त दिवा सोडावा लागत नाही. नजर मोजायचीच असेल तर ती या बोलण्याच्या शेजारी ठेवून वाचावी: जे बोललं गेलं ते बघितलं होतं का, आणि जे बघितलं ते बोलायचं राहिलं का. अशा जुळवणीतून प्रशिक्षणात सोनं मिळेल.

म्हणून इस्रोने आणि त्यांच्यामागून बंदरांनी, रेल्वेने चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात असं मला वाटतं. नोंद पहिल्यांदा चालकाला दाखवावी, त्याच्या वरिष्ठांना नंतर. नोंदीचा अर्थ चालकाशी बोलल्याशिवाय कुणी लावू नये, कारण "तेव्हा तुम्ही तिकडे का बघत होता?" या प्रश्नाचं उत्तर यंत्राजवळ नसतं. शिस्तभंगाच्या कारवाईत ती नोंद पुरावा म्हणून चालणार नाही. आणि चूक झाली की तपासणी पडद्यापासून सुरू व्हावी: काय दिसत होतं, केवढ्या अक्षरात, कुठल्या कोपऱ्यात. झोपेचा इशारा देणारी यंत्रणा यातून वेगळी ठेवावी. तिने भोंगा वाजवावा आणि तिथेच विषय संपवावा.

माझा विद्यार्थी गेल्या रविवारी घरी आला होता. चौकशीच्या वेळी त्याने हट्टाने मागून घेतलेला कागद त्याने माझ्यासमोर ठेवला. पडद्यांचं चित्र, त्यावर लाल ठिपके, जिथे डोळा जास्त वेळ थांबला तिथे ठिपका मोठा. मुख्य पडद्यावर लहान ठिपक्यांची रांगोळी होती. मोठा ठिपका एकच, डाव्या बाजूच्या दुसऱ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात. मी विचारलं, "इथे काय असतं?"

"वाऱ्याचा वेग, सर. बारीक आकडा आहे, करड्या पार्श्वभूमीवर. वाचायला वेळ लागतो. वर केबिनमध्ये होतो तेव्हा बघायची गरजच नव्हती, वारा वाढला की केबिन हलायची, अंगाला कळायचं. त्या दिवशी दोरावरचा कंटेनर हलल्यासारखा वाटला म्हणून मी आकडा बघायला गेलो."

मी तो कागद बराच वेळ बघत राहिलो. फिट्स यांनी जे सांगितलं होतं ते त्यावर छापलेलं होतं, आणि मेमो लिहिणाऱ्याने त्यातून निष्काळजीपणा वाचला होता.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता शिफ्टमधले सगळेच मुख्य पडद्यावरून डोळा हलवत नाहीत. हलवला की पट्टीत नोंद होते. वाऱ्याकडे कुणी बघत नाही, सर."

आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. वाऱ्याचा आकडा मुख्य चित्राच्या खाली घ्यावा, मोठा करावा, ठरावीक वेगाच्या वर गेला की त्याचा रंग बदलावा. सोबत त्या लाल ठिपक्यांच्या कागदाची प्रत जोडली. सोमवारी त्याने तो दिला आणि पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही, आणि यार्डात नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला आहे.